भरलेली भेग

बायको शेवटपर्यंत म्हणायची, या माणसाच्या पोटात काही म्हणून राहत नाही. खरंच आहे ते. शेजाऱ्याची म्हैस विकली गेली तरी मी चार घरी सांगून यायचो. पण एक गोष्ट राहिली — अगदी तळाशी. तिला सांगितली नाही, मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हासुद्धा दुसऱ्याच कसल्या कसल्या गोष्टींची माफी मागून परत आलो. आज तुम्हाला सांगतो. आजच का? धीर आला म्हणून नाही. ज्यांना सांगायला हवी होती ते दोघे आता ऐकायला नाहीत, म्हणून जीभ सैल झाली असेल. म्हणजे यातही माझा भित्रेपणा आहेच.

सुरुवात फुटबॉलपासून करावी लागेल. हसू नका. शहाद्यात आणि फुटबॉल? — आमचे वडीलही असेच हसले होते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची आठ-दहा वर्षं. आमचं गाव ब्राह्मणपुरी, घरची काळी जमीन, कापूस. मी मॅट्रिक झालो आणि शहाद्याच्या एका जिनमध्ये कारकून लागलो. कापसातली सरकी काढायचा कारखाना, त्याला आमच्याकडे जिन म्हणतात. शेठनं विलायतेहून नवं इंजिन मागवलं आणि ते बसवायला, दोन हंगाम चालवून द्यायला, इंजिनाच्या कंपनीनं एक फिटर पाठवला. बावीस-तेवीस वर्षांचा, उन्हानं मान लाल झालेला. नाव विल्फ्रेड. जिनमधल्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याचा इल्फूसाहेब केला, आणि तोच राहिला.

साहेब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हॅट, घोडा, शिकारी कुत्रा येईल. तसलं काही नव्हतं. त्याचे आईबाप सूतगिरणीत कामाला. आमच्याकडचा कापूस बोटीनं जायचा तो त्याच्यासारख्यांच्याच गावी. दर शनिवारी तो गावच्या संघातून खेळायचा. सेंटर फॉरवर्ड — म्हणजे सगळ्यांत पुढे उभा राहून गोल मारणारा. एका मोठ्या क्लबातल्या कुणीतरी त्याला खेळताना पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, इंडियातलं काम उरकून ये, नव्या हंगामात तुला घेतो. हे तो मला पहिल्या आठवड्यातच सांगून बसला. कारण जिनमध्ये इंग्रजी समजणारा मी एकटा. मी त्याचा कान होतो आणि तोंडही.

हे नीट लक्षात ठेवा — तोंडही. पुढचं सगळं त्यातून निघालं आहे.

पेटीतून त्यानं एक कातडी चेंडू काढला आणि जिनच्या मागच्या पडीक वावरात आम्हाला जमवलं. हमाल, इंजिनाला तेल घालणारे, दोन कारकून, शाळेतले एक मास्तर. आम्ही अनवाणी, तो एकटा बुटात. गोलाकडे पाठ करून उभा राहायचा. चेंडू डाव्या पायापाशी आला की त्याच पायावर गर्रकन वळायचा आणि उजव्यानं मारायचा. जागा ठरलेली — उजव्या खांबाच्या समोर, बाभळीची सावली संपते तिथं. मी डावीकडून पळायचो आणि चेंडू तिथं नेऊन द्यायचो. मागे वळून बघायचाही नाही तो. सुकदेव देणार हे त्याला ठाऊक असायचं. आयुष्यात माझ्यावर एवढा भरवसा कुणीच ठेवला नाही. वडिलांनी तर मुळीच नाही.

आता जमीन. काळ्या जमिनीचं तुम्हाला सांगायला नको. थंडी सरली की ती तडकायला लागते, आणि होळीपर्यंत एकेका भेगेत गुडघाभर काठी सहज जाते. अशा वावरात पळायचं कसं? म्हणून भेगा भरणं हे आमच्या खेळातलं पहिलं काम होतं. गोमाई नदीची रेती, त्यात बॉयलरची राख, वर पाणी, आणि मग पायांनी दाबायचं. हे काम वेस्ताकडे होतं.

वेस्ता पावरा. मोलगीच्या बाजूचा, डोंगरातला आदिवासी. दिवाळीनंतर बायकोमुलासह खाली उतरायचा, हंगामभर जिनमध्ये बोंदऱ्या, म्हणजे कापसाची मोठी गाठोडी, उचलायचा आणि होळीला डोंगरात परत. त्याच्या घरची बोली वेगळी. आमच्याशी तो मोडकीतोडकी अहिराणी बोलायचा, आणि तीही कमीच. साहेबाला त्याचं काम फार आवडायचं. भेग भरली की वेस्ता तिच्यावर एका पायावर उभा राहायचा, डोळे मिटून, जणू खालून काही ऐकू येतंय. मग मान हलवून पुढच्या भेगेकडे. साहेब त्याची नक्कल करायचा, दोघंही हसायचे. त्या दोघांना हसायला माझी गरज लागायची नाही, आणि ते मला थोडं टोचायचं. सांगून टाकतो, लपवून काय करू?

दुसरा हंगाम संपत आला. साहेब होळीनंतर निघणार होता. मुंबईहून बोट. ती चुकली तर तिकडचा हंगाम हुकणार, हे त्यानंच मला सांगितलं — मोठ्या आनंदात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी पण हसलो. आणि मनात म्हटलं, चुकू दे ती बोट.

का? त्याच्यावर जीव होता माझा. हो, तसंच म्हणायला हवं. पण नुसता तोच नव्हता. तो गेल्यावर मी कोण राहणार होतो? साहेबाच्या शेजारून चालणारा, साहेब काय म्हणाला ते शेठला सांगणारा, ज्याला बघून शहाद्याच्या बाजारातली पोरं ओरडायची तो सुकदेव जाणार होता, आणि ब्राह्मणपुरीच्या वावरात बैलाची शेपटी पिळणारा सुकदेव उरणार होता. माया किती आणि मिजास किती, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही, आजही येत नाही.

मला वाटलं — बघा हं, किती सोपं वाटलं — पाय मुरगळला तर? जरासा. आठ-पंधरा दिवस अंथरुणात. बोट चुकेल, पावसाळा इथं काढेल, जिनला तिसरा हंगाम मिळेल. मी त्याचा पाय शेकीन, त्याच्या उशाशी बसेन. माणूस वाईट करायला निघतो तेव्हा स्वतःला सेवा करताना आधी बघतो, हे तुम्ही कधी अनुभवलंय का?

शेवटचा सामना होता. नंदुरबारहून रेल्वेतल्या लोकांचा संघ येणार होता. वेस्तानं सकाळीच सगळ्या भेगा भरून ठेवल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या. दुपारी सगळी माणसं भाकरी खायला सावलीला गेली. ऊन असं की वावरात कुत्रंही नाही. मी एकटा गेलो. बाभळीची सावली संध्याकाळी कुठं संपते ते मला माहीत होतं. तिथली भेग — वेस्तानं भरलेली, दाबलेली, अजून ओली — मी विळ्यानं उकरली. रेती धोतराच्या ओच्यात घेऊन कुंपणापलीकडे टाकली. मग भेगेवर आडव्या पऱ्हाट्या ठेवल्या, कापसाच्या वाळलेल्या काड्या, आणि वरून भुरभुर माती. रानडुकरासाठी आम्ही शेताच्या बांधावर असंच करतो. लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. आमची पोरं अनवाणी. अनवाणी पायाला भेगेची कड आधी कळते आणि तो आपोआप उचलला जातो. बुटाला कळत नाही.

म्हणजे मी सगळा विचार केला होता. चुकून, रागाच्या भरात, असलं काही म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

सामना सुरू झाला. पहिल्या डावात मी चेंडू त्या जागी दिलाच नाही. भीती वाटली. दुसरीकडे मारत राहिलो, साहेब दोनदा वळून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, राहू दे, संपेल सामना, जाईल तो, जाऊ दे. मनाशी ठरलंही होतं. आणि मग खेळ संपत आला, बरोबरीत, माणसं ओरडत होती, मी डावीकडून सुटलो, समोर कुणी नव्हतं आणि त्यानं हाक मारली — “सुक!” तो मला असाच हाक मारायचा. मी चेंडू दिला.

विसरलो होतो का मी त्या क्षणी? कितीदा स्वतःला विचारलं. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चेंडू पायातून सुटला तेव्हा मला त्या काड्या दिसत होत्या.

तो डाव्या पायावर वळला आणि पाय खाली गेला. वरचं अंग वळलं, गुडघा वळला नाही. कडकड आवाज झाला. सगळ्यांना वाटलं, हाड मोडलं. आधी पऱ्हाट्या मोडल्या हे मला एकट्याला ठाऊक. सगळ्यांत पहिला मी धावलो. भेगेत हात घालून त्याचा बूट सोडवला आणि त्याबरोबर काड्या ओढून मुठीत घेतल्या. लोक नंतर म्हणायचे, सुकदेवनं किती जीव टाकून साहेबाचा पाय सोडवला. मी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब ओसरीत खाटेवर होता, पाय फळ्यांत बांधलेला. धुळ्याहून आलेला डॉक्टर मान हलवून गेला होता. शेठ संतापला होता, त्याला कंपनीची धास्ती. त्यानं वेस्ताला बोलावलं. वेस्ता ओसरीच्या खाली उन्हात उभा राहिला. साहेबानं मला हळूच सांगितलं, त्याला विचार, ती भेग राहून गेली का? आणि सांग, मी रागावलो नाही, असं होतं.

मी विचारलं. वेस्ता म्हणाला, “मी भरी व्हती, बाबू. मन्हा हातघाई भरी व्हती. पायघाई दाबी व्हती.” स्वतःच्या हातानं भरली, स्वतःच्या पायानं दाबली, असं.

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. मी इंग्रजीत म्हणालो, तो म्हणतोय, एखादी राहिली असेल, ऊन फार होतं.

साहेबानं डोळे मिटले. मग म्हणाला, त्याला कामावरून काढू नका. त्याला सांग, त्यानं किती चांगलं मैदान केलं ते मी विसरणार नाही.

आणि मी वेस्ताकडे वळून काय सांगितलं? मी म्हणालो, “साहेब म्हणतो, ती भेग तू सोडली. त्यानं सामन्याआधी पाहिली होती.”

इकडचं खोटं तिकडे, तिकडचं खोटं इकडे. मधे मी. साहेबाची माफी मी अर्ध्या वाटेवर खाऊन टाकली. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, तसं.

वेस्तानं वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालेल. त्यानं आपले हात पुढे करून पाहिले. पालथे, मग उताणे. आणि सावकाश म्हणाला, “मंग ऱ्हायनी व्हई. साहेब खोटं कसाले बोलई?” तेवढ्यात शेठ आतून आपल्या गुजरातीत ओरडला, “काढी मूको एने!” — काढून टाका याला. वेस्ता त्याच दुपारी बायकोमुलाला घेऊन डोंगराच्या वाटेनं निघून गेला. शेठला मी साहेबाचं म्हणणं सांगितलंच नाही.

बघा, पाय मोडला तो कदाचित माझा मूर्खपणा म्हणून कुणी सोडून देईल. पण हे? त्या माणसाला आपण काय केलं ते पक्कं माहीत होतं. अंगठ्याखाली, टाचेखाली माहीत होतं. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. एका वाक्यात.

साहेबाला बैलगाडीतून नंदुरबारच्या स्टेशनवर नेलं. तापीच्या पात्रात गाडी हिंदकळली तेव्हा तो ओरडला आणि लगेच माझीच समजूत काढायला लागला, कारण मी रडत होतो. गाडी सुटताना म्हणाला, गुडघा बरा होईल, मोठ्या क्लबात पहिला गोल मारला की तुला कळवीन. कळवलं नाही कधी. पुढच्या वर्षी इंजिन बघायला कंपनीचा दुसरा माणूस आला, त्याच्याकडून मला कळलं. गुडघा वाकतच नव्हता. त्या मोठ्या क्लबानंच दया करून त्याला काम दिलं होतं, शनिवारी दारात उभं राहून तिकिटं फाडायचं. आत ओरडा झाला की कुणी गोल मारला ते तो दारातूनच ओळखायचा म्हणे. तो माणूस हे मोठ्या गमतीनं सांगत होता. इल्फूसाहेबाची खेळाडू म्हणून कारकीर्द एवढीच. गावच्या संघात सुरू झाली, शहाद्याच्या वावरात संपली.

जिन मी सोडली. वडिलांच्या हाताखाली शेतीला लागलो, म्हणजे ज्याला भ्यालो होतो तेच वाट्याला आलं. वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटायला मजूर ठरवायला होळीच्या आधी मोलगीच्या बाजाराला जावं लागायचं. गाडी पायथ्यापर्यंत, पुढे पायी. पहिल्याच खेपेला मोहाच्या झाडाखाली वेस्ता दिसला. मी तोंड फिरवलं, पण त्यानं ओळखलं. धावत आला. मला वाटलं, आता हा गळा धरणार.

त्यानं विचारलं, “बाबू, साहेबना पाय बरा व्हयना का?”

तो नेहमीसारखा दिसत नव्हता. दाढी वाढलेली, अंघोळ न केलेलं अंग. मी विचारलं तेव्हा म्हणाला, पालनी धरली आहे. डोंगरातल्या लोकांत होळीचा हा नवस असतो. नवस धरला की होळी पेटेपर्यंत कितीतरी दिवस खाटेवर निजायचं नाही, अंघोळ करायची नाही, बायकोला शिवायचं नाही, आपल्या हातचंच खायचं. आणि होळीच्या रात्री अंगावर राखेची नक्षी काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसं लावून उजाडेपर्यंत नाचायचं. “साहेबना पायसाठे,” तो म्हणाला. “मन्हाघाई चूक व्हयनी ना.”

आता तुम्ही सांगा, इथं माणसानं काय करायचं असतं? दोन शब्द पुरे होते. भेग तू भरली होतीस, उकरली मी. बाजार भरलेला होता, कुणी आमच्याकडे बघतही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “बरा झाला पाय. मोठ्या क्लबात खेळतो साहेब. पहिल्याच सामन्यात गोल मारला त्यानं.”

त्याचा चेहरा — नाही, तो मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून दर वर्षी. होळीच्या आधीचा बाजार, तेच मोहाचं झाड. वेस्ता पालनी धरून यायचा आणि मी त्याला साहेबाचं वर्ष सांगायचो. फुटबॉलचं मला सगळं साहेबाकडूनच कळलेलं. त्यानं सांगितलेल्या जुन्या आठवणी मी साहेबाच्याच नव्या वर्षांत पुन्हा घडवायचो. सांगितलं, तिकडं सामन्याला सारंगखेड्याच्या जत्रेएवढी माणसं येतात आणि सगळी साहेबाच्या नावानं ओरडतात. सांगितलं, पावसात चेंडू दगडासारखा जड होतो तरी त्यानं डोक्यानं गोल मारला. एके वर्षी साहेबाचं लग्न लावलं. पुढे मुलगी दिली. खरं सांगू? मला ते सांगायला आवडायचं. वर्षभर मी जमवत राहायचो, बैलामागे चालता चालता, यंदा साहेबाला काय करायला लावावं. जे मी मोडलं ते मी तोंडानं चालतं ठेवलं होतं, आणि मधूनमधून माझाही त्यावर विश्वास बसायचा.

वेस्ताचे प्रश्न वेगळे असायचे. एकदा म्हणाला, “तठेबी काळी जमीन शे का?”

मी म्हणालो, नाही, तिकडं हिरवं गवत असतं, बारा महिने ओलं.

“मंग भेगा नई पडतीस?”

“नाही पडत.”

“बरं शे,” तो म्हणाला आणि बराच वेळ मान हलवत राहिला.

नवस पाच होळ्यांचा होता. मला वाटलं, संपेल. सहाव्या वर्षी तो पुन्हा तसाच, दाढी वाढलेला. म्हणाला, मी वाढवला. साहेब खेळतो आहे तोवर धरीन. मधेच सोडला आणि पाय पुन्हा गेला तर? मी त्याला साहेबाचे त्या वर्षीचे गोल सांगितले. लढाई आली तेव्हा मी सांगितलं, खेळ बंद आहेत, साहेब पलटणीत इंजिनं दुरुस्त करतो. वेस्ता इतका घाबरला की त्या साली त्यानं दिवाळीपासूनच पालनी धरली. लढाई संपल्यावर मी साहेबाला परत मैदानात आणलं. केस पिकलेले, पण वळणं तेच.

त्याला तेव्हाच थांबवता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, वेस्ता, साहेब म्हातारा झाला, खेळ सोडला त्यानं. तेवढ्यानं वेस्ता खाटेवर निजला असता. खरं बोलायचीही गरज नव्हती, खोटंच जरा आवरतं घ्यायचं होतं. वेस्ताला खोकला लागला होता, बोलता बोलता छाती धरायचा. गार भुईवर निजून निजून लागलेला खोकला. मला ते दिसत होतं. आणि मी सांगितलं, यंदा साहेबानं कप जिंकला, खुद्द राजानं हात मिळवला त्याच्याशी. वेस्ता खोकत हसला, आणि म्हणाला, “मंग यंदा जोरघाई नाचसू.”

नाचला. त्या होळीनंतर, पहिला पाऊस पडायच्या आत गेला तो.

हे मला पुढच्या वर्षी कळलं. झाडाखाली वेस्ता नव्हता, त्याचा मुलगा दित्या उभा होता. जिनमध्ये आईच्या पाठीशी बांधलेला असायचा तोच, आता मिसरूड फुटलेला. दाढीचे खुंट वाढलेले, अंघोळ न केलेलं अंग. मी काय ते समजलो.

बाप कसा गेला ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, “बाप सांगी गया, बाबूले इचार. साहेब आजून खेळस का?”

या पोराचा बाप त्या भेगेवर एका पायानं, डोळे मिटून उभा राहिलेला मी पाहिला होता. भेग भरलेली होती. चांगली, गच्च, ओली. ते सांगायला जगात मी एकटा उरलो होतो. सगळं तोंडाशी आलं होतं, तुमची शपथ. आणि मी म्हणालो, “नाही. सोडला त्यानं खेळ. शेवटच्या सामन्यात गोल मारून सोडला. पाय शेवटपर्यंत चांगला होता.”

पोरानं मोठा श्वास सोडला. “मंग मन्हा बाप सुटना,” तो म्हणाला.

सुटला. कशातून? जे त्यानं केलंच नव्हतं त्यातून. आणि सोडवणारा कोण, तर मी. दित्यानं कमरेची पिशवी सोडली. होळीसाठी घेतलेला गूळ आणि डाळ्या होत्या तिच्यात. डोंगरात रीत आहे, चांगली बातमी आणणाऱ्याचा हात रिकामा ठेवायचा नाही. त्यानं दोन्ही हातांनी माझी ओंजळ भरली आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहिला.

मी खाल्लं. गूळ चांगला होता.